भिंतीच्या सुरकुत्या

खूप जुन्या काळी, इतक्या जुन्या की तेव्हाचे डोंगरही आता थोडे झिजले असतील, एक राज्य होतं. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, त्या राज्यात ऊन चित्रं काढत असे.

ते असं. एक काळी पेटी, तिला सुईच्या टोकाएवढं भोक. पेटीच्या आत सागाची गुळगुळीत फळी आणि फळीवर एका रानवेलीच्या चिकाचा लेप. पेटी माणसासमोर ठेवायची, माणसाने हलायचं नाही. थोड्या वेळाने फळी बाहेर काढली की तिच्यावर तो माणूस जसाच्या तसा उमटलेला असे. नाकावरचा मस, अंगरख्याचा तुटलेला बंद, सगळं. याला लोक ऊनचित्र म्हणत. माणसाच्या हातचं चित्र खोटं असू शकतं, पण उन्हाला कुणाची भीड? ते कशाला खोटं बोलेल? असं सगळे मानत.

राजा तर या चित्रांवरच राज्य चालवी. तो देहाने भारी होता आणि गुडघ्यांनी अधू. पालखीत बसायचाही त्याला कंटाळा. म्हणून कोठारं, किल्ले, पूल, रस्ते यांची ऊनचित्रं काढून महालात टांगायची, अशी त्याने पद्धत घालून दिली होती. सकाळी चित्रांच्या दालनातून एक फेरी मारली की राजाचं राज्य पाहून होई.

या चित्रांवर नजर ठेवायला राजाने एक म्हातारा पारखी नेमला होता. फार शिकलेला माणूस. इतका शिकलेला, की कुठल्याही गोष्टीच्या दोन्ही बाजू त्याला सारख्याच पटत आणि मग त्याचं पाऊल उंबऱ्यातच अडकून राही. घराला कडी लावून निघाला, की कडी लागली का हे बघायला तो परत येई. कडी लागलेली दिसली, की आपले डोळे तर चुकत नाहीत ना, असं त्याला वाटे.

पूर्वी त्याचं काम सोपं होतं. फळी पुसट आली का, मधे ढग आला का, एवढंच बघायचं. पण मग राजाच्या चिताऱ्याला एक युक्ती सापडली.

चितारी म्हणजे पेटी घेऊन फिरणारा, ऊनचित्रं काढणारा माणूस. हसतमुख आणि हाताचा हलका. फळीवरचा लेप ओला असतानाच राळेत बुडवलेली बारीक कुंचली फिरवली, तर नको असलेली रेघ पुसली जाते आणि मागे कसलीही खूण राहत नाही, हे त्याला एके दिवशी कळलं. पहिल्यांदा त्याने एका सावकारिणीच्या गालावरचा व्रण घालवला. ती इतकी खूश झाली, की दुसऱ्या दिवशी तिच्या सगळ्या जावा दारात हजर.

"जरा हात फिरवा हं," त्या म्हणाल्या.

मग सगळ्या राज्यात तोच शब्द झाला. नवरदेव म्हणे, "हनुवटीवर जरा हात फिरवा." सेनापती म्हणे, "पोटावर फिरवा." राजाला तीन हनुवट्या होत्या. चित्रात एकच उरली, तेव्हा राजाने चिताऱ्याच्या बोटात स्वतःच्या हातची अंगठी घातली.

पारख्याला हे आवडलं नाही. निदान आपल्याला आवडलं नाही, असं तो म्हणे. पण त्याचंही एक चित्र निघालं होतं. त्यात कपाळावर एकही आठी नव्हती, डोळ्यांखाली पिशव्या नव्हत्या. चेहरा शांत होता, सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळालेल्या माणसासारखा. ते चित्र त्याने आपल्या बैठकीत टांगलं होतं आणि कुणी बघत नसलं की त्याच्यासमोर उभा राहत होता.

आणि तरीही संशय त्याची पाठ सोडेना. राजाची हनुवटी पुसता येते, तर शत्रूची छावणीही पुसता येईल. रिकामं कोठार भरलेलं दाखवता येईल. दालनात टांगलेल्या प्रत्येक चित्राकडे तो आता नाक लावून बघे. चितारी समोरून हसत गेला, तरी हा का हसला, हे त्याला रात्रभर छळे. एकदा तर त्याने भर दरबारात धान्यकोठाराचं चित्र बनावट आहे, असं सांगितलं. राजाने घोडेस्वार पाठवले. कोठार छतापर्यंत भरलेलं निघालं. त्यानंतर कितीतरी दिवस दरबारी लोक त्याला बघून विचारत, "काय पारखीबुवा, आज सूर्य खरा आहे ना?"

अशात शरद ऋतू आला आणि थोरल्या बांधाचं चित्र महालात आलं.

थोरला बांध राज्याच्या उत्तरेला, दोन डोंगरांच्या मधे होता. बांधाच्या वर तुडुंब तळं, आणि बांधाच्या खाली, कोरड्या अंगाला, एक गाव. त्या गावात पारख्याची एकुलती एक लेक दिली होती. दर शरदात बांधाची दोन ऊनचित्रं निघत. एक महालात येई आणि दुसरं त्या गावाच्या चावडीत लागे. गावकरी त्याला झेंडूची माळ घालत. बांध धड आहे, याची ती राजाने दिलेली ग्वाहीच होती.

दालनात चित्र टांगलं गेलं. बांधाची भिंत कशी, तर नुकत्याच घोटलेल्या गिलाव्यासारखी. पायथ्याशी हिरवळ आणि हिरवळीत एका पायावर उभा असलेला पांढराशुभ्र बगळा.

"वा!" राजा म्हणाला. "माझ्या पणजोबांनी बांधलेली भिंत. बघा, अजून कशी तरुण आहे."

सगळे वा वा म्हणाले. पारखी पुढे सरकला, मागे गेला, पुन्हा पुढे सरकला. एवढी जुनी भिंत आणि इतकी गुळगुळीत?

"चितारीबुवा, यावर हात फिरवलात का?" त्याने विचारलं.

"फिरवला की. नेहमीसारखाच," चितारी मोकळेपणाने म्हणाला. "दोन-चार सुरकुत्या होत्या, त्या काढल्या."

"भिंतीला सुरकुत्या?"

दरबार खो खो हसला.

"कुठे होत्या? किती लांब होत्या?" पारख्याने आवाज चढवला.

चिताऱ्याने डोकं खाजवलं. "आता ते कसं सांगू? रेघ दिसली की माझा हात आपसूक फिरतो. इतक्या चेहऱ्यांवर फिरवलाय, की आता मी बघतही नाही. बगळा तेवढा ठेवला. शोभत होता."

तो खरंच सांगत होता. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पारखी मात्र बगळ्याकडे बघत राहिला. बगळा उभा होता तो बांधाच्या कोरड्या अंगाला. बगळा कोरड्यात कशाला उभा राहील?

"महाराज, इथे पाणी आहे," तो म्हणाला. "नसायला हवं तिथे. बांध कुठेतरी फुटतो आहे. गाव खाली करा."

राजाने सुस्कारा सोडला. "पारखीबुवा, मागे तुम्हाला कोठाराचा संशय आला. आता बगळ्याचा आला. त्या गावात सुगी तोंडावर आहे. उभी पिकं सोडून लोकांना डोंगरावर पाठवू, ते एका पक्ष्यासाठी? तुमची खात्री आहे?"

इथे पारख्याची जीभ अडखळली. खात्री? बगळा उडता उडता क्षणभर टेकला असेल. किडे टिपायला कोरड्यातही उतरत असेल. मुळात तो बगळा तरी होता, की फळीवरचा डाग?

"खात्री अशी नाही, महाराज," तो पुटपुटला.

"मग तुम्हीच जाऊन या," राजा म्हणाला. "मी पुन्हा घोडेस्वार पाठवून हसं करून घेणार नाही. हे चित्रही घेऊन जा हवं तर. बगळ्याशी ताडून बघा."

लोक पुन्हा हसले. पण या वेळी पारखी उंबऱ्यात थांबला नाही. त्याला लेकीचं घर आठवलं. अंगणात उभं राहिलं, की मान वर करून बांध बघावा लागे. त्याने फळी काखेत मारली आणि तो निघाला. घराची कडी बघायलाही तो परत आला नाही.

वाटेत त्याने स्वतःला पुष्कळ छळलं. सावलीत बसला की चित्र समोर धरी आणि म्हणे, उगाच निघालो. चालू लागला की म्हणे, उशीर झाला. उन्हं डोक्यावर आली, तेव्हा तो बांधाच्या पायथ्याशी पोचला.

भिंत चित्रातल्यासारखी नव्हती. तिच्यावर रेघाच रेघा होत्या. शेवाळाच्या, मुळांच्या, दगडांच्या सांध्यांच्या. यातली कुठली रेघ म्हणजे चीर आणि कुठली नुसतं म्हातारपण? तो एकेक रेघ बघत चालला आणि जितकी जास्त बघितली तितका गोंधळला.

पायथ्याला बगळा होता. तसाच, एका पायावर.

"आलास?" बगळा म्हणाला. "चित्रात मला पुष्कळांनी पाहिलं म्हणे. मी इथे कशाला उभा आहे, हे विचारायला तू एकटाच आलास."

पारखी दचकला. पण बोलणाऱ्या बगळ्यापेक्षा त्याला बगळ्याच्या बोलण्याचीच भीती जास्त वाटली. "तुझ्यावर विश्वास कोण ठेवील? डोळे मिटून साधू व्हायचं आणि मासा जवळ आला की गट्ट करायचं, ही तुमची जात."

"आमची बदनामी फार आहे, खरं आहे," बगळा मान वाकडी करून म्हणाला. "म्हणून तर म्हणतो, माझं ऐकू नकोस. हात घाल."

"कुठे?"

"माझ्या पायाखाली. इथे पाणी झिरपायला लागलं, तेव्हा नितळ होतं. बेडकाचं पिल्लूसुद्धा दिसायचं. आता गढूळ झालंय. मला भक्ष्य दिसत नाही. मी आज जागा बदलणार आहे. तुझं तू बघ."

आणि बगळा उडून गेला.

पारख्याने बाही वर केली आणि हिरवळीत हात घातला. गवताखाली पाणी वाहत होतं. ओंजळ वर काढली, तर पाणी बोटांतून गळून गेलं आणि तळहातावर तांबडी माती उरली. बांधाच्या पोटातली माती. पाणी नुसतं झिरपत नव्हतं, ते बांधाला आतून खात होतं.

मूठ तशीच मिटून तो गावाकडे पळत सुटला. त्या वयात जितकं पळता येतं, तितकं.

गावाचे कारभारी म्हणजे त्याच्या लेकीचे सासरे. ते चावडीत बसले होते आणि डोक्यावर भिंतीला बांधाचं दुसरं चित्र होतं, माळेसकट.

"या या, व्याहीबुवा!" ते म्हणाले. "आज इकडे कुठे? घरची कडी लागली होती ना?"

चावडी हसली. पारख्याने धापा टाकत सगळं सांगितलं. चित्र दाखवलं, बगळा दाखवला, मूठ उघडली.

कारभाऱ्यांनी वर बोट केलं. "हे बघा. राजाचं चित्र. एक चीर दाखवा यात. उन्हाने काढलेलं खोटं, आणि तुमच्या मुठीतली चिमूटभर माती खरी? माती काय, वाटेवरही मिळते. पीक कापणीला आलंय. तुमच्या शंकेपायी ते पाखरांना घालू?"

तेवढ्यात बापाचा आवाज ऐकून लेक धावत आली. तिच्या कडेवर तिची मुलगी होती.

"बाबा, तुम्ही चालत आलात? एकटे?" तिने त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघितलं. मग सरळ विचारलं, "बांध फुटेल, अशी तुमची खात्री आहे?"

हो म्हणालं असतं, तर काम झालं असतं. पारख्याला ते कळत होतं. पण खोटी खात्री दाखवणं म्हणजे शंकेवर कुंचली फिरवणंच की.

"नाही पोरी," तो म्हणाला. "खात्री मला कधीच नसते. तुला माहीत आहे. मी चुकलेला असेन, अशी मला आशा आहे. पण माझ्या हाताला ही माती लागली आहे. तुमच्यातल्या कुणीतरी येऊन आपला हात घालून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. चित्रावरही ठेवू नका."

लेक सासऱ्यांकडे वळली. "मामंजी, माझे बाबा शंका काढतात आणि घरात बसतात. जन्मभर तेच करत आलेत. शंका घेऊन ते इतक्या लांब कधीच गेले नाहीत. मी जाते बघायला. तुम्ही येता की मी एकटी जाऊ?"

सुनेला एकटं कसं पाठवणार? कारभारी कुरकुरत उठले. त्यांच्यामागे चावडी उठली. पायथ्याशी जाऊन कारभाऱ्यांनी हिरवळीत हात घातला. बराच वेळ ते वाकलेले राहिले. हात वर काढला, तेव्हा कोपरापर्यंत तांबडा होता आणि त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"दवंडी द्या," ते म्हणाले. "गुरं सोडा. माणसं टेकडीवर."

कुणी मोरी उघडून तळ्याचं पाणी सोडायला धावले, कुणी म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं. धान्य सोडून यावं लागलं. दिवस मावळायच्या सुमाराला सगळं गाव टेकडीवर बसलं होतं. काही माणसं पारख्याकडे रागाने बघत होती, आणि पारखी मनातल्या मनात म्हणत होता, मी चुकलेला असू दे.

तो चुकलेला नव्हता. आधी एक लांब कण्हणं ऐकू आलं. मग बांधाच्या पायथ्याची हिरवळ आत गेली, भिंत मधोमध खचली आणि तळं खाली उतरलं. शेतं गेली, घरं गेली, चावडी गेली. माणूस एकही गेला नाही.

आणि त्या लालभडक पाण्यावर सगळ्यांना एक फळी तरंगत जाताना दिसली. चावडीतलं चित्र. माळ अजून गळ्यात होती आणि चित्रातला बांध गुळगुळीत, धडधाकट, एकाही चिरेविना, पुरातून वाहत चालला होता.

ही बातमी कळली तेव्हा राजा पालखीत बसला. किती वर्षांनी, ते त्यालाही आठवेना. फुटक्या बांधासमोर तो उभा राहिला आणि त्याने चिताऱ्याला पुढे बोलावलं.

"एवढी मोठी चीर! ती पुसताना तुझा हात थरथरला नाही?"

चितारी रडत होता. "महाराज, मला ती चीर वाटलीच नाही. मला ती रेघ वाटली. रेघ पुसली की लोक खूश होतात, हे मी तुमच्या हनुवटीवर शिकलो."

राजाचा हात आपोआप हनुवटीवर गेला. तीनही तिथेच होत्या.

मग तो म्हणाला, "तुला शिक्षा करायची, तर आधी मला करावी लागेल. पण एक सांगतो. आजपासून ऊन देईल ते चित्र आधी तसंच टांगायचं. कुणाला हात फिरवून हवं असेल, तर ते दुसरं काढायचं आणि पहिल्याच्या शेजारी टांगायचं, म्हणजे काय पुसलं ते बघणाऱ्याला कळेल. आणि तुला हात फिरवायची एवढी सवय आहे ना? मग नवा बांध उभा राहिला, की दर शरदात चुना घे, थापी घे आणि त्याच्या चिरांवर खरा हात फिरव."

तसंच झालं. चितारी चांगला गवंडी निघाला. रेघ हेरण्यात त्याचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि पारखी? घरी आल्यावर त्याने बैठकीतलं आपलं चित्र उतरवलं आणि नवं काढून घेतलं, हात न फिरवता. लेक राहायला आली, तेव्हा तिची मुलगी त्या चित्रासमोर थांबली.

"हे आजोबा," ती म्हणाली. जुनं चित्र बघून तिने विचारलं होतं, हे काका कोण?

पारख्याला बरं वाटलं. पण मुलगी खेळायला गेल्यावर तो हळूच चित्राजवळ सरकला. कपाळावर इतक्या आठ्या? चिताऱ्याने रागाने दोन वाढवल्या तर नाहीत? तो माजघरात गेला, पाण्याने भरलेल्या घंगाळावर वाकला आणि आपलं कपाळ बोटाने चाचपून बघू लागला. आठ्या सगळ्या होत्या. आणि हे बघता बघता आणखी एक पडली.

म्हणून, बाळांनो, लक्षात ठेवा: चित्रातली चीर पुसली म्हणून भिंतीतली बुजत नाही, फक्त ती वेळेवर दिसायची थांबते.